आठ दिवसांचा ओटा

आमच्या भागात त्यांना सगळे सरकमिस्त्री म्हणतात. खरं नाव मला माहीत नाही. पहिल्या दिवशी विचारायचं राहून गेलं, आणि त्यांनी आमच्या घरासाठी जे केलं ते झाल्यावर 'अहो, तुमचं नाव काय?' असं विचारायची लाज वाटू लागली. वय पंचावन्नच्या आसपास, अंगाने किरकोळ, डाव्या हाताची करंगळी अर्धी. सुतारकाम आणि गवंडीकाम दोन्ही करतात, पण त्यांना बोलावणं येतं ते एकाच कामासाठी. ज्या घरात एकापेक्षा जास्त माणसं स्वयंपाक करतात, त्या घराचं स्वयंपाकघर मांडून द्यायचं.

आमच्या घरात चार जण स्वयंपाक करत. एक माझी बायको. दुसरी अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिने तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर आमच्याकडे राहायला आली त्याला आता एकोणीस वर्षं झाली. तिसरी सून. ती दवाखान्यात रक्त तपासायच्या विभागात आहे, साडेआठला घराबाहेर पडते, त्यामुळे तिचा स्वयंपाक म्हणजे घड्याळाशी मारामारी. चौथा धाकटा मुलगा. तो बेकरीत दुपारच्या पाळीला जातो. दिवसभर कणकेतच हात असतात, तरी सकाळी घरीही त्याला काहीतरी मळल्याशिवाय चैन पडत नाही. थोरला मुलगा, दोन नातवंडं आणि मी खाणाऱ्यांत.

जुन्या स्वयंपाकघरात दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने दारातून भांडं आत द्यायचं, अशी परिस्थिती होती. मग कोठीची भिंत ओल धरून फुगली, ती पाडावी लागली, आणि दोन खोल्यांची एक मोठी खोली झाली. थोरल्याने दुकानातून रंगीत पुस्तक आणलं. त्यात तयार स्वयंपाकघरांची चित्रं होती. प्रत्येक चित्रात एकच बाई, आणि तीही काही शिजवत नव्हती, नुसती उभी राहून हसत होती. माझी बायको चष्मा लावून ते पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत बघून म्हणाली, "हिला सासू नाही, जाऊ नाही, पोरंबाळं नाहीत. हसेल नाही तर काय करेल!"

म्हणून सरकमिस्त्रींना बोलावलं.

ते आले तेव्हा त्यांच्या हातात मोजपट्टी नव्हती. खांद्याइतक्या उंचीची एक काठी होती. त्यांनी चौघांनाही एकेक करून भिंतीशी उभं केलं, हात कोपरात वाकवायला सांगितला आणि कोपर जिथं आलं त्याच्या चार बोटं खाली काठीवर पेन्सिलने खूण केली. "ओटा इथं," एवढंच बोलले. हे त्यांना एका न्हाव्याच्या दुकानात कळलं होतं. तरुणपणी त्यांनी तीन खुर्च्यांचं दुकान बांधून दिलं. माप अगदी बरोबर होतं. पण दोन न्हावी एकाच वेळी हात उचलत तेव्हा कोपराला कोपर लागायचं. "पहिल्या आठवड्यात दोन गिऱ्हाइकांचे कान कापले, काका. मापाची चूक नव्हती. मी खुर्च्या मोजल्या, न्हावी मोजायचा राहिला." तेव्हापासून ते माणसं मोजतात.

त्यानंतर त्यांनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, "उभं कुठं राहायला आवडेल?"

माझी बायको म्हणाली, "खिडकीपाशी. फाटकातून कोण येतंय ते मला दिसलं पाहिजे."

सून म्हणाली, "मला दाराजवळ द्या, मिस्त्री. पर्स घेतली की सुटले."

धाकटा म्हणाला, "मला लांब फळी हवी. आणि मागून कोणी धक्का मारायचा नाही."

अक्का म्हणाली, "मला काय, कुठंही चालेल."

मिस्त्रींनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी विटा घेऊन आले.

ही त्यांची पद्धत. दगड, सिमेंट, फरशी असं काही आधी आणायचं नाही. नुसत्या विटा एकावर एक रचायच्या, त्यावर जुन्या दारांच्या फळ्या टाकायच्या, शेगड्या ठेवायच्या, नळाला रबरी नळी जोडून तात्पुरता नळ काढायचा, आणि त्या खोट्या ओट्यावर घरच्यांनी आठ दिवस खरा स्वयंपाक करायचा. रोज संध्याकाळी ते येणार आणि विचारणार, "आज कोण कोणाला 'सरक' म्हणालं?" त्याप्रमाणे विटा हलवणार. आठव्या दिवशी जिथं विटा असतील तिथं पक्का ओटा.

मोजायचं काम माझ्याकडे आलं. मी नोकरीत पाण्याचे मीटर वाचत फिरलो, घरोघरची स्वयंपाकघरं मागच्या दारातून बघितली, पण स्वतःच्या घरात स्वयंपाकघरात मला कधी काम नव्हतं. मिस्त्रींनी दाराशी स्टूल मांडलं, हातात कोळसा दिला आणि ज्या भिंतीवर पुढे फरशा बसणार होत्या तिथं चौघांची नावं घातली. कोणी 'सरक', 'सरका', 'जरा बाजूला', 'अगं हो ना तिकडे' असं काहीही म्हटलं की ज्याला म्हटलं त्याच्या नावाखाली एक रेघ. मला नेमणूक झाल्यासारखं वाटलं. मी नवा सदरा घातला होता, हेही सांगून टाकतो.

मंगळवार हा पहिला दिवस. सकाळपासून धांदल. सून मिठासाठी धावली, "आत्या, सरका ना जरा." धाकट्याला पाणी हवं होतं, "आत्या, एक मिनिट." बायकोला झारा सापडेना, "वन्सं, जरा अलीकडे होता का?" पुन्हा धाकटा, पीठ लागलेले हात वर धरून, "आत्या, आत्या, आत्या, नळ!" मी इमानेइतबारे रेघा मारत होतो. एकदा तर तीन 'आत्या' म्हणजे एक रेघ की तीन, असा मला प्रश्न पडला. मी तीन मारल्या.

संध्याकाळी मिस्त्री आले. सगळे भिंतीपाशी जमले. एकूण सव्वीस रेघा. बायकोच्या नावाखाली चार, सुनेच्या नावाखाली पाच, धाकट्याच्या नावाखाली दोन. अक्काच्या नावाखाली पंधरा.

भिंतीवर ते इतकं काळंभोर दिसत होतं की मला माझ्याच हाताची लाज वाटली. पहिल्यांदा अक्काच हसली. "बाई बाई! एक्स्चेंजमध्ये सुद्धा एका दिवसात मला इतके कॉल आले नव्हते." मग सगळेच हसले. सून म्हणाली, "आत्या, सॉरी हं. मी घाईत असते ना."

"अगं, त्यात काय," अक्का म्हणाली, आणि हात पुसून आपल्या खोलीत गेली.

मिस्त्रींनी त्या दिवशी धाकट्याची फळी एक वीत मागे घेतली आणि ते गेले. आता मला कळतं की भिंतीवर काय लिहिलं होतं ते आम्ही सगळ्यांनी चुकीचं वाचलं. मिस्त्रींनी सुद्धा.

बुधवारी नऊ रेघा. गुरुवारी दोन. घरात आनंदीआनंद. थोरला कामावरून येऊन भिंत बघायचा आणि म्हणायचा, "बघा, विटा हलवल्याबरोबर फरक पडला. आता ग्रॅनाइटचं सांगून टाकू या का?" शुक्रवारी मी दिवसभर स्टुलावर बसलो आणि कोळसा हातातच राहिला. एकही रेघ नाही. सकाळी सून गुणगुणत स्वयंपाक करत होती. बायको म्हणाली, "हे घर आहे की देऊळ? इतकी शांतता!"

पण मी दाराशी बसलो होतो, त्यामुळे मला आत आणि बाहेर दोन्हीकडचं दिसत होतं. अक्का बुधवारपासून भाजी चिरायला जिन्याच्या पायरीवर बसू लागली. "इथं उजेड छान आहे रे," ती मला म्हणाली. चिरलेली भाजी ताटात भरून दारातून आत द्यायची आणि परत फिरायची. गुरुवारी ती स्वतःचा चहा करायला आत गेलीच नाही. दुपारी सगळे झोपले की मग करायची. तिच्या हातची डाळ आठवड्यातून चार वेळा व्हायची, ती गुरुवारीही झाली नाही आणि शुक्रवारीही. सगळ्यांना वाटलं, दुसरं कोणीतरी करणार म्हणून ती थांबली असेल.

शुक्रवारी दुपारी मी तिच्या खोलीवरून जाताना दार अर्धं उघडं होतं. पलंगावर तिची पत्र्याची ट्रंक. तिची सुरी, छोटी कढई, दोन ताटल्या, सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून आत ठेवलेलं. तिने मला बघितलं, आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"मागच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या बाई आहेत ना, त्यांची वरची खोली रिकामी आहे," ती म्हणाली आणि मला किल्ली दाखवली. "रविवारी जाते."

"का गं?" एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"का म्हणजे? सत्याहत्तर वर्षांची झाले मी. सगळ्यांच्या पायात यायचं हे काय वय आहे का? कोणी वाईट नाही वागलं, तसं मनात आणू नकोस. पंधरा वेळा सरक म्हटलं आणि प्रत्येक वेळी गोडच म्हटलं. पण गोड म्हटलं तरी सरकायचंच ना?" मग तिने किल्ली कमरेला खोचली. "तू कोणाला बोलू नकोस. मी माझं रविवारी नीट सांगेन. भांडून गेली असं व्हायला नको."

मी हो म्हटलं. मला आयुष्यभर नाही म्हणायची सवय लागली नाही. लहानपणी आई दुखण्याने पडली तेव्हा या अक्कानेच मला वेणी घालतात तसा भांग पाडून शाळेत सोडलं होतं. आणि तिच्या नावाखालच्या पंधरा रेघा मी मारल्या होत्या, माझ्या हाताने, नवा सदरा घालून.

संध्याकाळी मिस्त्री आले. थोरला त्यांची वाटच बघत होता. "मिस्त्री, आज शून्य! पूर्ण शून्य!"

मिस्त्रींनी भिंतीकडे बघितलं. मग विटांच्या कडेवर खाली बसले. मी त्यांना बसलेलं तोवर कधी बघितलं नव्हतं.

"शून्य कसं येईल?" ते म्हणाले.

"म्हणजे? चांगलं झालं ना?"

"चार माणसं एका खोलीत रांधतात आणि कोणी कोणाला सरक म्हणत नाही? घरात भांड्याला भांडं लागतंच. लागत नसेल तर समजायचं, एक भांडं फळीवर चढून बसलंय." त्यांनी सगळ्यांकडे बघितलं. "स्वयंपाक कोण करत नाहीये?"

"सगळेच करतात की!" बायको जरा चिडून म्हणाली. "तुम्हाला भांडणंच हवी आहेत वाटतं."

"मी भाजी चिरून दिली ना," अक्का म्हणाली, दारातून.

मिस्त्रींनी अक्काकडे बघितलं. ती दारात होती, आत नव्हती. मग ते एकही वीट न हलवता उठले आणि निघाले.

मी त्यांना सोडायला कोपऱ्यापर्यंत गेलो. असं मी कधी कोणाला सोडायला जात नाही, त्यामुळे त्यांनाही काहीतरी आहे हे कळलं असावं. तरी सांगायला मला दिव्याचे तीन खांब लागले. पहिल्या खांबापाशी मी हवेबद्दल बोललो. दुसऱ्यापाशी नुसता खाकरलो. तिसऱ्यापाशी म्हणालो, "अक्का रविवारी घर सोडून जाते आहे. खोली घेतली. किल्ली तिच्याकडे आहे. कोणाला सांगू नकोस असं तिने मला बजावलंय."

मिस्त्री थांबले. अर्ध्या करंगळीने कपाळ खाजवलं. मग म्हणाले, "चूक माझी आहे, काका."

"तुमची कशी?"

"त्या म्हणाल्या, कुठंही चालेल. मी तेवढं ऐकलं आणि कामाला लागलो. तिघांना हवी ती जागा दिली आणि जी उरली ती त्यांना. उरली होती ती कुठली? एका बाजूला नळ, दुसऱ्या बाजूला मिठाची, चमच्यांची मांडणी. सगळ्या घराला जे लागतं ते सगळं मी त्यांच्या पाठीमागे ठेवलं. तिथं राजाला उभं केलं तरी त्याला सरक म्हणतील."

मी म्हणालो, "मग हे घरात येऊन सांगा ना. आत्ताच."

"सांगून काय होणार? 'आत्या, तुमची चूक नव्हती,' असं सगळे म्हणतील, त्या 'अगं त्यात काय' म्हणतील आणि रविवारी जातील." ते मला चांगलेच ओळखत असावेत, कारण मग म्हणाले, "उद्या सकाळी साडेसहाला येतो. तोवर कोणाला काही बोलायचं नाही."

"ते मला जमतं," मी म्हणालो.

शनिवारी ते खरंच साडेसहाला दारात. काठी नव्हती, काही नव्हतं. म्हणाले, "आज जागा बदलायच्या. फळ्या कुठं झुकतात ते बघायचंय. वहिनी, तुम्ही अक्कांच्या जागी उभ्या राहा. अक्का, तुम्ही खिडकीपाशी."

"माझं काय काम?" अक्का म्हणाली. "मी जिन्यात भाजी..."

"तसं नाही चालणार, अक्का. चार माणसांचा भार आला पाहिजे. तुम्ही नसाल तर माझं गणित चुकेल. एकच दिवस."

कामाच्या माणसाला अडवणं अक्काच्या स्वभावात नाही. ती आत आली. खिडकीपाशी उभी राहून तिने डाळ धुवायला घेतली. मी स्टुलावर बसलो आणि हातात कोळसा घेतला.

पाचच मिनिटं झाली असतील. सून आली, "आई, जरा सरका, मीठ." एक रेघ. धाकटा आला, "आई, नळ." दुसरी. सून परत, "आई, मोठा चमचा, तुमच्या मागे." तिसरी. बायको हात उंच करून बाजूला झाली, परत आली, परत बाजूला झाली. तिच्यासमोरच्या शेगडीवर दूध होतं, तिचं लक्ष दुधाकडे. धाकटा पुन्हा, "आई, हो ना बाजूला, हात भरलेत." सात. आठ. नऊ. मिस्त्री दारापाशी माझ्या शेजारी उभे राहून छताकडे बघत होते, जणू त्यांचा या सगळ्याशी काही संबंधच नाही.

अकराव्या वेळी दूध उतू गेलं.

"काय चाललंय काय हे!" बायकोचा आवाज अख्ख्या गल्लीत गेला असेल. "सकाळपासून मी काय रस्त्यात उभी आहे का? सरक, सरक, सरक! माझ्या घरात मीच अडगळ झाले?"

"अगं आई, मीठ तुझ्या मागे आहे," धाकटा म्हणाला.

"मग मीठ हलव! मला काय हलवतोस?"

खिडकीपाशी डाळ धुण्याचा आवाज थांबला.

बायको तशीच उभी. हातात फडकं, फडक्यातून दूध ठिबकतंय. तिने आधी मागच्या मांडणीकडे बघितलं. मग नळाकडे. मग भिंतीवर, जिथं मंगळवारच्या रेघा अजून होत्या. मग ती हळूहळू खिडकीकडे वळली.

"वन्सं," ती म्हणाली, "ही तुमची जागा होती."

"हो," अक्का म्हणाली.

"मी अकराव्या वेळीच दूध उतू घालवलं. तुम्ही पंधरा वेळा सरकलात आणि एक शब्द बोलला नाहीत?"

"मला वाटलं, मीच वाटेत येते."

"तुम्ही वाटेत! अहो, वाट तुमच्यावरून काढली या मेल्या मिस्त्रीने!"

"बरोबर आहे, वहिनी," मिस्त्री छताकडे बघतच म्हणाले.

"आणि म्हणून तुम्ही जिन्यात बसत होता? उजेडबिजेड काही नाही?"

अक्काने ओले हात पदराला पुसले, कमरेची किल्ली काढली आणि फळीवर ठेवली. "उद्या जाणार होते. मागच्या गल्लीत. खोली घेतली होती."

सून मटकन विटांवर बसली. एक वीट सरकली, कोणाचं लक्ष नव्हतं. धाकटा पिठाचे हात घेऊन तसाच उभा राहिला.

बायको किल्लीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मागच्या गल्लीत? जायचंच होतं तर निदान लांब तरी जायचं. मागच्या गल्लीत म्हणजे रोज दोन वेळा मलाच डबा घेऊन ये-जा करावी लागली असती. माझे गुडघे बघितलेत का तुम्ही?" एवढं म्हणून ती रडायला लागली. अक्का तिच्याजवळ गेली तर ती म्हणाली, "लांब राहा, माझे हात दुधाचे आहेत." अक्का लांब राहिली नाही.

"आत्या, मला एकदा तरी ओरडायचं ना," सून म्हणाली. "मी सगळ्यांना सरका म्हणते हो. दवाखान्यात डॉक्टरांनाही म्हणते."

"तुला काय ओरडू," अक्का म्हणाली. "तू आधीच पळत असतेस."

तेवढ्यात मला जाणवलं की माझ्या डोळ्यांतून पाणी येतंय आणि मी ते कोळशाच्या हाताने पुसलंय. धाकटा माझ्याकडे बघून हसला, मग सगळेच हसले, आणि माझा जीव भांड्यात पडला.

मिस्त्री आता कामाला लागले. मांडणी उचलून त्यांनी खोलीच्या मधोमध आणली आणि तिच्या पाठीची फळी काढून टाकली, म्हणजे मीठ, चमचे, झारे कुठल्याही बाजूने हाताला लागतील. नळाची नळी कापून दोन तोंडं केली, एक खिडकीच्या टोकाला, एक दाराच्या. "जे सगळ्यांना लागतं ते कोणाच्याच पाठीमागे ठेवायचं नाही," असं पुटपुटले, आम्हाला नाही, स्वतःलाच. मग अक्कासमोर जाऊन उभे राहिले. "आता नीट विचारतो. कुठंही चालेल हे उत्तर चालणार नाही. उभं कुठं राहायला आवडेल?"

अक्काने खूप वेळ घेतला. आम्ही सगळे थांबलो. सुनेने घड्याळाकडे बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

"खिडकीची अर्धी," शेवटी ती म्हणाली. "अर्धी वहिनींची. फाटकात कोण आलं ते मलाही बघायचं असतं."

"घ्या!" बायको म्हणाली. "एकोणीस वर्षं बोलल्या नाहीत, आणि बोलल्या तर माझी अर्धी खिडकी मागितली."

"नको असेल तर..."

"नको कोण म्हणालं? विटा आणा हो मिस्त्री."

पुढच्या दिवसांत रेघा परत दिसू लागल्या. सात, आठ, एकदा दहा. चौघांत वाटलेल्या. मिस्त्री रोज येऊन समाधानाने मान हलवायचे. आठव्या दिवसानंतर पक्का ओटा झाला. खिडकीपाशी दोन उंच्या आहेत, कारण अक्का उंच आणि बायको ठेंगणी, आणि दोघींच्या मध्ये चार बोटांची पायरी आहे. त्या पायरीवर काय ठेवायचं यावरून अजून वाद चालू आहे. मिस्त्री आता शेजारच्या रस्त्यावर एका घरात विटा रचतात. तिथं पाच सुना आहेत. परवा भेटले तेव्हा जरा वाळलेले दिसले. मी विचारलं, "किती रेघा?" म्हणाले, "भिंत पुरत नाही, काका."

पण मधला रविवार सांगायचा राहिला. त्या दिवशी सकाळी अक्का मला म्हणाली, "चल, किल्ली परत करून येऊ. एकटीने जायला बरं वाटत नाही." आम्ही दोघं मागच्या गल्लीत गेलो. शिवणकामवाल्या बाई मशीनवर होत्या. त्यांनी पाय थांबवला.

"का हो अक्का, खोली आवडली नाही का?"

"खोली छान आहे हो. हवा आहे, उजेड आहे." अक्का जरा थांबली. "पण एकटीला फारच मोठी पडेल."

"मोठी? अहो, दहा बाय आठची आहे!"

"हो ना," अक्का म्हणाली. "तरीसुद्धा."

बाई हसल्या आणि काही न विचारता किल्ली खिळ्याला अडकवली. मशीन परत सुरू झालं. आम्ही बाहेर आलो. गल्लीच्या तोंडाशी अक्का माझ्याकडे न बघता म्हणाली, "मिस्त्रीला तू सांगितलंस."

मी म्हणालो, "हो."

"मी नको म्हटलं होतं."

"हो."

तिने माझ्याकडे नीट बघितलं, लहानपणी शाळेत सोडताना बटणं लागली आहेत की नाहीत ते बघायची तसं. मला वाटलं, आता रागावेल. पण ती म्हणाली, "जरा पाय उचल रे. डाळ चढवून आलेय. तुझ्या बायकोला लक्ष ठेव सांगितलंय, पण ती बसली असेल खिडकीतून फाटक बघत. करपली तर मी सोडणार नाही तिला."

आणि ती माझ्या पुढे निघून गेली, इतक्या झपाझप, की कोपऱ्यापर्यंत मला धाप लागली.